दुसऱ्याच्या नावाचे निरोप

गावाकडच्या घरात राहणाऱ्या माणसाची एक ठाम समजूत असते, की आसपासचे झाडून सगळे पशुपक्षी त्याच्याशीच बोलतात. पावशा त्याला 'पेरते व्हा' म्हणून सांगतो, कावळा पाहुण्यांची वर्दी देतो, टिटवी अपशकुन करते आणि भिंतीवरची पाल तर दोन-दोन खाती सांभाळते. कुणी बोलत असताना ती चुकचुकली तर बोलणं खरं ठरतं; तीच मनात चुकचुकली तर त्याच बोलण्याबद्दल शंका येते. ट्यूबलाइटपाशी किडे टिपता टिपता साक्षही द्यायची आणि उलटतपासणीही घ्यायची, हे तालुक्याच्या कोर्टात एका माणसाला जमायचं नाही. वास्तविक ती दुसऱ्या पालीला 'हा कोपरा माझा' एवढंच बजावत असते, किंवा फार तर लग्नाचं विचारत असते. माझं म्हणणं असं, की अंगणात दिवसभर जे निरोप फिरतात त्यांतला एकही आपल्या नावाचा नसतो. आपण दुसऱ्यांची पत्रं फोडून वाचतो, आणि वर मनाला लावून घेतो.

यावर पहिला आक्षेप पावशाच्या वतीने येतो, आणि तो वजनदार आहे. पावशा ओरडतो आणि मागोमाग पाऊस येतो, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. ते खोटं कसं? खोटं मुळीच नाही. फक्त तो ओरडायला लागतो मार्च-एप्रिलातच, कधी चांदण्यात रात्रभर, आणि दर खेपेला सूर असा चढवत नेतो की ऐकणारा बहिरा असावा. त्याच्या शब्दावर विसंबून कुणी एप्रिलात भात पेरलं असतं तर ते मुंग्यांनी नेलं असतं. शेतकरी त्याचं कौतुक करतो आणि पेरतो मात्र मृग बघून. म्हणजे सल्ला ज्याला दिला असं आपण म्हणतो, त्याने तो कधी पाळलाच नाही. सल्लागाराचंही त्यावाचून अडलं नाही, कारण तो मादीला बोलावत असतो. ती आली की पुढचा कार्यक्रम ठरलेला : अंडं सातभाईंच्या घरट्यात घालायचं आणि मोकळं व्हायचं. लोकांना 'पेरते व्हा' म्हणणारा स्वतः दुसऱ्याच्या वाफ्यात पेरून जातो. राखण सातभाई करतात. थेंबाथेंबासाठी तहानलेला म्हणून गाजलेला तो चातक, तोही आपली अंडी सातभाईंच्याच गळ्यात बांधतो. व्रत त्याचं, उपास यांना.

कावळ्याचं प्रकरण जरा वेगळं, कारण तो निम्मं खरं बोलतो. कौलावर कावळा ओरडला की पाहुणा येतो, याचे पुरावे कोकणात मे महिन्यात ढिगाने मिळतात. त्या महिन्यात पाहुणे रोजच येतात. मुंबईची गाडी लागली की दोन तरी पिशव्या पायरीवर टेकतात. कावळाही रोजच ओरडतो. दोघांची गाठ पडली नाही तरच नवल. पण हे दिवस कावळ्याच्या विणीचे, आणि आंब्याच्या पानांत कोकिळाचं जोडपं टपलेलं. कावळ्यांची पाठ वळली की ठिपक्याठिपक्यांची मादी घरट्यात अंडं टाकून पसार होते. म्हणजे पाहुणा येणार हे कावळ्याचं भाकीत बिनचूक असतं. तो येणार असतो कावळ्याच्याच घरी, न बोलावता, चांगला खाऊनपिऊन मोठा होईपर्यंत मुक्कामाला. त्यातून गाणारा असतो काळा कुळकुळीत नर, आणि आपण गळ्याचं सगळं श्रेय 'कोकिळे'च्या खात्यावर जमा करून बसलो आहोत.

सुगरणीचंही तेच. विहिरीवर झुकलेल्या झावळीला घरटी लोंबायला लागली की घरोघरी लेकीसुनांना सुगरणीचं उदाहरण दिलं जातं. अलिबागजवळच्या किहीमला १९३० च्या सुमारास सालिम अली पावसाळाभर या घरट्यांपाशी बसले आणि त्यांनी या पक्ष्याचा सगळा संसार उघड केला. विणतो तो नर. पात्याच्या कडेला चोच मारून तो लांबलचक हिरवी पट्टी सोलून काढतो, शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा विणतो आणि खाली लोंबकळत पंख फडफडवतो. मग माद्या येतात, आत शिरून ओढूनताणून बघतात आणि पसंत पडलं तर ताबा घेतात. ताबा मिळाला की नर नळी पुरी करतो आणि लगेच दुसऱ्या संसारासाठी पुढचा खोपा घ्यायला लागतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. उदाहरण द्यायचंच तर कुणाला द्यावं आणि कशाचं, हा प्रश्न मी वडीलधाऱ्यांवर सोपवतो.

आणि कुंभारीण? दाराच्या चौकटीत, नाहीतर स्विचबोर्डाच्या भोकात ती चिखलाची गोळी तोंडात धरून येते आणि थापताना बारीक गुणगुणते. ताजा चिखल काळपट, आधीचा फिकट, त्यामुळे कामाची प्रगती रंगावरून कळते. मग एखादी हिरवी अळी आत कोंबून दार लिंपून टाकते. काही दिवसांनी आतून बाहेर पडते ती कुंभारीणच. यावरून दृष्टांत तयार झाला, की अळी ध्यान करता करता कुंभारीण झाली. प्रत्यक्षात अळी डंखाने लुळी पडलेली असते आणि बाहेर येते ती तिला खाऊन वाढलेली लेक. शिष्य गुरुरूप झाला खरा, पण गुरूच्या मुलीच्या पोटात जाऊन. दृष्टांत अळीसाठी नव्हताच, असं कुणी म्हणेल. कबूल, माझं तरी दुसरं काय म्हणणं आहे?

आता शेवटचा आक्षेप : आपल्याशी कुणी बोलतच नसेल, तर हे सगळं बघायचं ऐकायचं कशाला? पण ओटीवर बसून शेजारच्या घरातलं भांडण ऐकताना ते आपल्याला उद्देशून आहे का, हे कुणी विचारतो का? उलट नसतं म्हणून तर कान टवकारतात. एका टिटवीपुरती मात्र मला माघार घ्यावी लागेल. उघड्या जमिनीवर खड्यांच्याच रंगाची चार अंडी घालून ती बसलेली असते, आणि रात्री बॅटरी घेऊन कुणी त्या वाटेने गेलं की किंचाळत उठते. आपण म्हणतो अपशकुन झाला. झालेला असतो, पण तिला. निरोप असतो तिच्या नवऱ्याला. मजकूर तेवढा आपल्याबद्दलचा.