तुलनाकाका

नेमबाजीच्या प्रत्येक रेंजवर असा एक गृहस्थ असतोच. आमच्याकडचे आठव्या लेनवर, भिंतीला लागून उभे राहतात. बँकेतून निवृत्त झालेले. मुलीला सोडायला म्हणून यायचे. दहावीच्या क्लासमुळे मुलीचं येणं सुटलं, काकांचं सुटलं नाही. पोरं त्यांना तोंडावर ‘काका’ म्हणतात आणि पाठीमागे ‘तुलनाकाका’.

त्यांच्या हातात कुणाचं नवं पिस्तूल पडलं की मंडईत दुधी घ्यावा तसं ते आधी तळहातावर तोलतात. मग मूठ नीट धरून डोळे मिटतात, हात वर नेतात, डोळे उघडतात आणि पुढची माशी मागच्या खाचेत आपसूक आली आहे का बघतात. नसली तर चेहरा असा करतात, की पिस्तुलाच्या मालकाला वाटावं आपल्या मुलाच्या पत्रिकेत मंगळ निघाला.

“मोरिनी म्हणजे कशी, स्विस! चाप इलेक्ट्रॉनिक. कधी सुटला ते बोटालाही कळत नाही,” अशी सुरुवात होते. “स्टायरचं निराळं. ऑस्ट्रियाची. आत एक वजन मागे सरकतं आणि धक्का पिऊन टाकतं. आणि पार्दिनी? इटालियन! पण तिची खरी मजा पंचवीस मीटरवर.” वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ या दोन्ही जर्मन घराण्यांबद्दल ते उभ्या उभ्या बोलत नाहीत. त्यासाठी चहा लागतो. काकू एकदा डबा द्यायला आल्या होत्या, तेव्हा हे व्याख्यान ऐकून म्हणाल्या, “साडीच्या दुकानात मी तिसरी साडी उघडायला सांगितली की ह्यांना घरचा गॅस चालू राहिल्याचा भास होतो.”

काकांचं स्वतःचं एकच पिस्तूल आहे असं कधीच नसतं. एक असतं, एक विकायला काढलेलं असतं आणि एक ‘सहज बघायला आणलेलं’ असतं. लाखावर किमतीची वस्तू सहज बघायला कशी आणतात, हे मी अजून शिकतो आहे. एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही म्हणून बरं, नाहीतर काकांसाठी कलेक्टर कचेरीत वेगळं टेबल टाकावं लागलं असतं.

आणि हे सगळं एका खतावणीत उतरवलेलं असतं. बँकेची सवय. लांबट वही, लाल रेघा. रकाने असे : तारीख, पिस्तूल, छर्रा, सिलिंडरमधला दाब, चापाचं वजन. चाप 500 ग्रॅमपेक्षा हलका नको, असा नियम आहे. काका रोज चापाला वजन लटकवून पिस्तूल उचलतात आणि घोडा पडला नाही की तीर्थ घेतल्यासारखे समाधानाने मान हलवतात. शेवटून दुसरा रकाना गुणांचा. 75 मिनिटांत 60 नेम, 600 पैकी. एकदा मी वही चाळली : मोरिनी 521, स्टायर 518, पुन्हा मोरिनी 520, जर्मन 523, दुसरी जर्मन 519. पाच देश फिरून आलेला माणूस जसा घरी आल्यावर त्याच खुर्चीत बसतो, तसा आकडा 520 च्या आसपास येऊन बसलेला. मात्र शेवटचा, शेऱ्याचा रकाना दर वेळी नवा. ‘चाप किंचित कोरडा.’ ‘मूठ घामट.’ ‘शेजारी फोन वाजला.’ ‘पावसाळी हवा.’

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याकडे टोकियो आहे. 2021 च्या तिथल्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. “बघा! हात तोच, मुलगी तीच. दगा दिला कुणी?” त्या बिघडलेल्या दिवशीही तिने 575 मारले होते, हे मी एकदा हळूच म्हणालो. काका म्हणाले, “तेच तर. पिस्तूल धड असतं तर?” पुढे पॅरिसला तिने ब्राँझ घेतलं तेव्हा काकांनी पेढे वाटले, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसुफ दिकेच साध्या चष्म्यात, खिशात हात घालून रौप्यपदक घेऊन गेला तेव्हा आठवडाभर त्यांनी तो विषयच काढू दिला नाही.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दुसऱ्याच्या पिस्तुलाचा रोग काकांइतका कुणाला कळत नाही. माझे छर्रे सारखे डावीकडे पडायचे. मी दर पाच नेमांनी साइटचे क्लिक फिरवत बसायचो. काकांनी माझ्या तळहाताला टाल्कम पावडर फासली, मूठ धरायला लावली आणि लाकडावर पावडर कुठे उमटली नाही ते पाहिलं. अंगठ्याखाली पोकळी होती. तिथे लाकडाची पुट्टी भरली, दोन दिवस सुकू दिली, मग पॉलिश पेपरने घासत बसले, मधूनमधून माझा हात मागत, बांगड्या भरणाऱ्या कासारासारखे. माझे वीस गुण वाढले. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

स्वतःच्या बाबतीत मात्र हाच वैद्य नाडी सोडून भलतंच तपासतो. पुढची माशी खाचेत एक मिलिमीटर हलली तर दहा मीटरवर छर्रा सुमारे तीस मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहाचा थेट सात. हे गणित त्यांनीच आम्हाला फळ्यावर करून दाखवलं. फळ्यावर खडू धरलेला त्यांचा हात किती हलत होता, ते पहिल्या रांगेतल्या पोरांनी पाहिलं आणि शहाण्यासारखं वहीत डोकं घातलं.

गेल्या महिन्यात काकांनी निर्वाणीचा प्रयोग केला. टेबलाला व्हाइस बसवली, जबड्यात लाकडी ठोकळे आणि चामडं घातलं, त्यात पिस्तूल आवळलं. माणसाचा हातच नको. सगळी रेंज पाठीमागे जमली. काकांनी एका बोटाने चाप दाबत पाच छर्रे सोडले आणि पुलीवरून कागद मागवला. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. पाचही छर्रे त्याच्या आत, एकाच भोकातून गेल्यासारखे.

कुणी बोलेना. कागद दिव्यासमोर धरून काका बराच वेळ त्या भोकातून पलीकडे बघत राहिले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

“म्हणजे पिस्तुलात दोष नाही,” ते सावकाश म्हणाले.

आम्ही श्वास धरला. सरांनीसुद्धा शिट्टी तोंडातून काढली.

“म्हणजे मग...” काकांनी उजवा हात वर केला, उलटसुलट करून पाहिला, आणि तोच हात पिशवीत घालून छर्ऱ्यांचे तीन डबे बाहेर काढले. “मी 4.50 चे वापरतो. आता 4.49 आणि 4.51 बघायला हवेत. जरा वही द्या.”