सारसाचं घर कागदावर नाही

महाराष्ट्रात सारस उरलेत ते पन्नासही भरणार नाहीत. बहुतेक सगळे गोंदिया जिल्ह्यात, एखाददुसरा भंडाऱ्याकडे. वैनगंगा-बाघ नद्यांच्या पल्याड, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात त्यांचे सोयरे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी हा. आणि तो जिथे राहतो त्या जागेला केंद्र सरकारचे नियम पाणथळ मानतच नाहीत.

२०१७ चे पाणथळ नियम काढा आणि व्याख्या वाचा. धानाची शेतं वगळली आहेत. सिंचनासाठी बांधलेले तलावही वगळले आहेत. सारस घरटं करतो धानाच्या बांधीत आणि चरतो मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या काठाला. एका वाक्यात त्याचं घरही गेलं, अंगणही गेलं.

शेतकऱ्याच्या मागे परवानग्यांचा ससेमिरा लागू नये, एवढ्यापुरती ही सूट असेल तर मला ती मान्य आहे. बांधीत नांगर घालायला कुणाची सही लागता कामा नये. पण तलावांचं काय? माणसाने बांधले म्हणून ते पाणथळ नाहीत, हा युक्तिवाद महाराष्ट्रात तरी टिकत नाही. आपलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. ते गोदावरीवर सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामुळेच तयार झालं. नाशिकला लागतो तो न्याय गोंदियाला का नाही?

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात आणि त्यांतल्या एकावर कोलू पाटलांचंच ठाणं आहे, कोलासूर देव म्हणून. तलाव बांधणाऱ्याला गावाने देव केलं, याहून मोठी नोंद कुठल्या सातबाऱ्यावर सापडणार? पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाने जमिनीचा उतार ओळखून मातीची पाळ घातली, खाली धान आणि ऊस पिकवला, आणि ढिवरांनी त्याच पाण्यावर मासोळी धरली. १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत गेली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारकडे आले आणि गाळ उपसणारे हात मागे हटले. पाणी हटलं तिथे बेशरमाची झुडपं माजली.

आता नवं संकट सुशोभीकरणाचं. गाव वाढलं, शहर तलावापर्यंत आलं, की कुणाला तरी तिथे उद्यान हवं असतं. भोवती फरसबंद पायवाट, काठाला दगडी पिचिंग, दिव्यांचे खांब, बोटी. हे करणाऱ्यांनी एकदा हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या परसवाडा किंवा झिलमिलीच्या तलावावर सकाळी उभं राहावं. पाळीजवळच्या खोल पाण्यात बदकं असतात. समोरच्या बाजूला पाणी हळूहळू उथळ होत जातं, घोट्याएवढं, मग नुसता चिखल. देवधान उगवतं ते त्या उथळ पट्ट्यात. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी धावतो तो तिथेच. सारस चोच खुपसून कंद उपटतो तोही तिथेच. दगडी भिंत नेमका हाच पट्टा खाते. तलाव भरलेला दिसतो, फोटोही छान येतो आणि पक्षी दुसरीकडे जातात. दुसरीकडे म्हणजे कुठे, याचं उत्तर ठेकेदाराला कुणी विचारत नाही.

सारस आजवर तगला तो मुख्यतः शेतकऱ्यामुळे. रोवणी झाली की जोडी बांधीत उतरते. धानाची ताटं आणि पाणवनस्पती ओढून पाण्यातच मोठा ढीग रचते, त्यावर बहुधा दोन अंडी. नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. तेवढ्या जागेतलं पीक जातं. तरीही कितीतरी शेतकरी घरटं मोडत नाहीत, कुत्री हाकलतात, पोरांना लांब ठेवतात. जिल्ह्यातले सारसमित्र आणि वन विभाग दरवर्षी मोजणी करतात ती याच शेतकऱ्यांच्या विश्वासावर. या घरट्यामागे गेलेल्या धानाचा मोबदला त्याच हंगामात, कागदांचा ढीग न मागता शेतकऱ्याच्या हातात पडला पाहिजे. मी याला उपकार म्हणणार नाही. ही मजुरी आहे.

२०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. त्यातून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सारस संवर्धन समित्या झाल्या. न्यायालयाला सांगावं लागलं हे दुखतंच, पण आता समिती आहे तर तिच्याकडे चार गोष्टी मागतो. सारस येतात त्या प्रत्येक तलावाची नोंद पाणथळ म्हणून करा, सिंचनाचा हक्क शाबूत ठेवून. त्याच्या उथळ काठाला सिमेंट आणि दगड लावू देऊ नका. गाळ काढायचाच तर ढिवरांना विचारून काढा, बेशरम मुळासकट उपटा. आणि शेतांवरून, तलावांवरून गेलेल्या उघड्या वीजतारा आधी झाकून घ्या. एवढ्या रुंद पंखांचा पक्षी तारांत अडकून मरतो आणि तो जोडीने राहणारा आहे. पन्नासांच्या आतल्या हिशोबात एक सारस गेला की पुढच्या पावसाळ्यातलं एक घरटं जातं.