अण्णांचा देवमासा

औंधच्या माणसाला समुद्र दाखवायला नेऊ नये, आणि आमच्या अण्णांना तर मुळीच नाही. पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या अण्णांकडं जगातली कुठलीही गोष्ट मोजायला एकच माप, औंध. ताजमहाल बघून आले आणि म्हणाले, "चांगलाय. पण यमाईच्या डोंगरावरचा वारा न्हाई." हेन्री मूर मोठा शिल्पकार कशामुळं? तर त्याचं आई-मुलाचं शिल्प औंधच्या भवानी संग्रहालयात आहे म्हणून.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं. त्याला ओढून खोल पाण्यात न्यायची धडपड टीव्हीवर बघितल्यापासून नातवानं देवमासा बघायचा हट्ट धरलेला. (ते पिल्लू पुढं वाचलं नाही, हे त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही.) देवमासा काही बोलावून येत नाही. डॉल्फिन मात्र बऱ्याचदा दिसतो, आणि तोही त्याच भावकीतला. म्हणून गाडी मालवणच्या पुढं, देवबागला.

"आजोबा, निळा देवमासा शंभर फूट लांब असतो!"

"आसंल. यमाईच्या मूळपीठाच्या पायऱ्या चढंल का?"

"तो मासा नाहीच. श्वास घ्यायला पाण्यावर येतो."

"मग रेचक-पूरक चांगलं आसंल त्याचं," अण्णा पहिल्यांदाच जरा नरमले.

पहाटे होडी सुटली. केशरी लाइफजॅकेटचे बंद अण्णांच्या पोटावर काही जुळेनात. शेवटी त्यांनी ते उपरण्यासारखं खांद्यावर टाकलं. कर्ली नदीच्या मुखातून समुद्रात शिरल्यावर होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. आम्ही सगळे पश्चिमेकडं डोळे लावून गप्प. आणि नेमका तेव्हाच मागं, जमिनीच्या बाजूला, सूर्य उगवला.

अण्णा उठले. औंधच्या राजेसाहेबांनी, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो काय होडीत बसून राहण्यासाठी? पाय जुळवले, हात वर, खणखणीत आवाजात मंत्र. होडी डुगडुगली.

"काकानू, बसा खाली! होडी हलता!"

"बारा झाल्याबिगर न्हाई."

तेवढ्यात अण्णांच्या पाठीमागं पाणी फुगलं. करडी पाठ, तिच्यावर कुबड, कुबडावर पंख. एकदा, दोनदा, आणि फुस्स करून सोडलेला श्वास. नातू किंचाळला. अण्णांनी मान वळवली नाही. चौथा चालू होता.

फोटोत अण्णा हात वर करून उभे आहेत आणि त्यांच्या काखेखाली अंगठ्याएवढा काळा त्रिकोण दिसतो. औंधात तो फोटो आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला जातो.

"बघितलंसा?" अण्णा बोट ठेवून विचारतात. "हलत्या होडीत, पण कोपरात जरा म्हणून वाक न्हाई."