काडीवाले काका

थंडीनं पाला झडला की एडिसनमधली बाकी मराठी मंडळी जाड कोट बाहेर काढतात. काका कात्री काढतात. कुणाच्याही परसातल्या अंजिराखाली उभे राहून "जरा छाटून देऊ का?" असं ते इतक्या निःस्वार्थ चेहऱ्यानं विचारतात, की यजमान वर आभार मानतो. निघताना काकांच्या खिशातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या डोकावत असतात.

घरी त्या ओलसर कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात जातात. काकूंना कोथिंबीर हवी असेल, तर आधी 'ब्लॅक मदेरा' आणि 'रोंद द बोर्दो' बाजूला सारावे लागतात. जानेवारीत पाहुण्यांची खोली काड्यांना मिळते. मंडळाच्या गणपतीत उरलेले प्लास्टिकचे पारदर्शक पेले, त्यांत नारळाचा भुसा आणि परलाइट, खाली विजेची गरम चटई. माणसांसाठी घरात ६८ फॅरनहाइटच्या वर जायचं नाही, बिल येतं; काड्यांना मात्र ७५. पुण्याहून आलेल्या मेव्हण्यानं कुडकुडत आणखी एक रजई मागितली, तर काका आपुलकीनं म्हणाले, "काड्यांजवळ बसा की!" तो बसला. चिलटांसाठी टांगलेल्या पिवळ्या चिकट कागदाला त्याची माकडटोपी चिकटली. ती सोडवताना काकांना काळजी कागदाची.

पहिलं पान फुटलं की काकू हरखतात. काका गंभीर. "पान काडीतल्या शिदोरीवर फुटतं. शिदोरी संपेपर्यंत खाली मूळ धरलं नाही, की आटोपलं." पेल्यात पाणी घालायची मुभा घरात कुणालाच नाही. तहानेनं एखादी मरते, कौतुकानं ओळ झोपते, असं त्यांचं म्हणणं. आणि कुजलेल्या काड्या पाहता ते खरंच आहे. रोज रात्री बॅटरी घेऊन ते पेला-पेला तपासतात. पांढरं मूळ दिसलं, की झोपलेल्या माणसालाही फोन जातो.

शेजारी एक इटालियन आजोबा आहेत. त्यांचं एकच झाड. थंडीत ते त्याला जुन्या गोधड्या आणि ताडपत्री गुंडाळतात, डोक्यावर बादली पालथी घालतात आणि वसंतापर्यंत विसरतात. उन्हाळ्याअखेर टोपल्या भरतात. काकांनी जात विचारली, तर म्हणाले, "अंजीर." काका त्यांना माळी मानत नाहीत. तसे ते 'शिकागो हार्डी'लाही मानत नाहीत. थंडीनं जळून बुडातून पुन्हा फुटतं, फळही देतं, पण सगळ्यांकडे असतं ना!

काका मूळचे सासवडचे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी मंडळात पेढे वाटले. तिथली काडी सामानातून आणायला कायदा आडवा येतो आणि काका कायदा पाळतात, हे त्यांचं मोठं दुःख. लहानपणी घरी खट्ट्या बहाराच्या, मीठ्या बहाराच्या पाट्या येत, तेव्हा हा तोंडसुद्धा लावत नसे, असं त्यांची बहीण सांगते.

मागे एका नवख्यानं विचारलं, "काका, मदेराची चव कशी असते हो?"

"चव?" काका क्षणभर गोंधळले. "ते उशिराचं वाण. पिकायच्या आत इथं थंडी येते. पण तुम्ही मुळं पाहिलीत का? थांबा, बॅटरी आणतो."