भयाचे पाय

इंग्रजी भाषेत भयासाठी शब्दांची मुबलक तरतूद आहे. त्यांतला ‘ट्रेपिडेशन’ हा मला विशेष प्रिय, कारण तो उच्चारणारा गृहस्थ बहुधा आरामखुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला असतो, आणि मूळ लॅटिनमध्ये मात्र या शब्दाला क्षणभरही बसण्याची मुभा नाही. ‘त्रेपिदुस’ म्हणजे भयाने अस्वस्थ, आणि ‘त्रेपिदारे’ म्हणजे त्या अस्वस्थतेपायी सैरावैरा धावणे, लगबग करणे, थरथरणे. ‘तेरेरे’ या धातूपासून निघालेला ‘टेरर’ दुसऱ्याला भेडसावतो. ट्रेपिडेशनचा सारा उपद्रव स्वतःच्याच पायांना.

हा अर्थ उमजण्यास कोशापेक्षा खासबागेचे मैदान अधिक उपयोगी पडते, आणि त्याला आधारही आहे. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि त्याच धर्तीवर हे मैदान कोल्हापुरात उभे राहिले. कुस्ती लागण्यापूर्वी तेथे पैलवान लाल मातीत येरझारा घालतो, शड्डू ठोकतो, अंगाला उगाच माती चोळतो, आणि आम्ही त्याला शौर्य म्हणतो. शेजारी एखादा रोमन नागरिक बसला असता तर त्याने अदबीने निराळे क्रियापद सुचविले असते, आणि ते पैलवानाच्या कानी गेले असते तर त्याचा अर्थही तत्काळ आचरून दाखविला असता.

पुढे मध्ययुगीन ज्योतिर्विदांनी, संपातबिंदू मागेपुढे आंदोलतो अशा समजुतीने, त्या आंदोलनालाच ‘ट्रेपिडेशन’ ही संज्ञा दिली. आमच्या सूर्यसिद्धान्तानेही अयनाला दोन्ही बाजूंस २७ अंशांपर्यंत डोलविले आहे. तेव्हा कोर्टातल्या तारखेच्या दिवशी मी कचेरीच्या ओसरीत फेऱ्या घातल्या, तर पट्टेवाल्याने हसावे असे त्यात काही नाही.

अशा प्रसंगी आम्हांस वाटते ती दहशत मात्र फारसीच्या वाटेने आलेली. राजाराम कॉलेजात फारसीचे अध्यापन करणाऱ्या माधव ज्यूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहून परकीय शब्दांविरुद्ध पक्ष उचलला. तो पक्ष मला तत्त्वतः मान्य आहे. दहशत, जप्ती, तगादा, फिर्याद या मंडळींना एकदम हद्दपार करावे, या कल्पनेने तर मला हर्षच होतो. अडचण एवढीच, की ‘हद्द’ही तिकडचीच, ‘वकील’ही तिकडचाच, आणि आमचे वकीलसाहेब ‘अभिवक्ता’ म्हणवून घेण्यास राजी आहेत, पण फी वाढवून.