फॉरमॅट मारून टाक!

मुंबईकर चाकरमान्याच्या घरातली कुठलीही वस्तू मरत नाही, ती गावी जाते. बसलं की करकरणारा सोफा जातो, दार बांधून ठेवावा लागणारा फ्रिज जातो आणि अलीकडे कॉम्प्युटरही जातो. आमच्या काकांचा डोंबिवलीतला कॉम्प्युटर असाच कुडपणच्या घरात येऊन पडला. ‘पोरांच्या शिक्षणाला होईल,’ असं काका म्हणाले. काकूंना डोंबिवलीत एक कोपरा मोकळा झाला.

कुडपण म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्याचं टोक. पलीकडे उतरलात तर जिल्हा बदलतो. पावसाळ्यात भीमाची काठी बघायला आलेले पर्यटक धुक्यात एकमेकांना हाका मारत फिरत असतात, तेव्हा आमच्या घरात सगळे पडद्याकडे बघत बसलेले असतात. बटण दाबून गुरं सोडावीत, चहा घ्यावा, परत यावं, तर ठिपक्यांचं रिंगण अजून फिरतच असतं. मग पुतण्या माउसचं उजवं बटण दाबून ‘रिफ्रेश’ करतो. पुन्हा करतो. पुन्हा करतो. त्याने पडद्यावरची चिन्हं नव्याने मांडली जातात, यापलीकडे काही होत नाही. पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि या देशात बरीच खाती एवढ्यावरच चालतात.

दुखणं आलं पेनड्राइव्हमधून. शिमग्याच्या गाण्यांचा एक पेनड्राइव्ह अख्ख्या वाडीत फिरला होता. तो लावला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. मूळ फोल्डर लपवायचा, त्याच्याच नावाचा तोतया पुढे उभा करायचा आणि त्यावर क्लिक करणाऱ्याच्या हातूनच आपलं काम करून घ्यायचं, अशी या व्हायरसची जुनी रीत. निवडणुकीच्या दिवसांत ती ओळखीची वाटली.

पहाऱ्याला अँटिव्हायरस नव्हता असं नाही, तीन होते. एक काकांच्या काळातला. त्याची मुदत संपली होती आणि रोज सकाळी तो तेवढंच सांगायला उठत असे. दुसरा फुकटातला, तो पहिल्यावर संशय घेई. तिसरा कुणीच टाकला नव्हता, तो आपणहून आला होता. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 487 व्हायरस आहेत, पैसे भरा’ असं लाल अक्षरांत तोच ओरडे. चारशे शहाऐंशींचं ठाऊक नाही, एक मात्र तो स्वतःच होता.

खरं तर या विषयात मराठी माणसाने मागे राहायला नको होतं. डोंगरापलीकडच्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. धाकट्या भावाने, संजयने, व्हायरस काढायचे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून 1990च्या दशकात क्विक हील उभं राहिलं. दुरुस्तीच्या दुकानातून देशभर विकला जाणारा अँटिव्हायरस निघाला. आपण अभिमानाने बातमी पुढे पाठवली आणि अँटिव्हायरसची चोरलेली ‘की’ शोधायला बसलो.

अशात 14 ऑक्टोबर 2025 उजाडला आणि विंडोज 10 चा नियमित आधार संपला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकमताने ठरलं, विंडोज 11 टाका, सगळी घाण आपोआप जाईल. आधी घाण काढू या, असं म्हणणारा एकही निघाला नाही. आपला स्वभावच तो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून सुरू आहे. पाटी नवी, टोलनाका नवा, खड्डे मात्र वडिलोपार्जित. विंडोजचंही तसंच. वर नवी आवृत्ती चढवली तर जुने प्रोग्राम, जुन्या फायली सगळं सोबत येतं, आणि त्यांच्या आडोशाने पाहुणाही येतो.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे रोग कुठलाही असो, औषध एकच: ‘फॉरमॅट मारून टाकू.’ तो मारतो फक्त सी ड्राइव्ह. डी ड्राइव्हवर काकांच्या लग्नाच्या फोटोंशेजारी व्हायरस सुखाने झोपलेला असतो. वर चोरीचं विंडोज, आणि ते चालू करायला एक जादूचा प्रोग्राम. तो टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, हेही तो निरागसपणे सांगतो.

अपडेटला देव मानणाऱ्यांनी जरा उरणकडे बघावं. आपल्याच रायगड जिल्ह्यात, जून 2017 मध्ये, जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचं काम नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने ठप्प झालं. तो जगात पसरला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! आणि पुढे ज्या भोकांतून घुसला त्यातलं मोठं भोक बुजवायचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेलं होतं. म्हणजे अपडेट केलेलेही बुडाले, न केलेलेही बुडाले. यावर ग्रुपमध्ये दोन हात जोडलेले आले आणि एक ‘सुप्रभात’.

शेवटी कळलं की आमचं यंत्र विंडोज 11 ला पात्रच नाही. त्याला टीपीएम 2.0 ची सुरक्षा लागते, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो; आमचा सहाव्या पिढीचा. तेव्हा नाइलाजाने साफसफाई सुरू झाली. पुतण्याने आधी फोटो आणि कागदपत्रं तेवढी वेगळी काढली, मग विंडोजमधल्याच डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. हा विंडोज पुरतं जागं व्हायच्या आत तपासतो, चोर अंथरुणात सापडतो. पासवर्ड बदलले ते फोनवरून. हार्डडिस्कवरचं सगळं उतरवून घेऊन तिच्या जागी एसएसडी बसवली. बटण दाबल्याबरोबर सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी उघडली तर तीत डोंबिवलीतच राहिलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम रोज सकाळी प्रिंटर शोधत होता. तो काढायला आजीचा विरोध. ‘त्याचं हाय ते, त्याला इचारल्याबिगर हात लावू नको.’

आता राहिलं होतं एकच. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत विंडोज 10 ला सुरक्षेची अपडेट फुकट मिळतात. खातं काकांचं, ओटीपी काकांच्या मोबाइलवर. पुतण्याने फोन लावला.

‘काका, एक नंबर आलाय बघा मेसेजमध्ये. तेवढा सांगा.’

‘नाही सांगणार,’ काका म्हणाले. ‘ओटीपी घरच्यांनाही द्यायचा नाही. बँकेने बजावलंय. सेफ्टी नावाची काही गोष्ट आहे की नाही?’