बिनबिऱ्हाडी पलटण कशी ठेवावी: नवशिक्यांसाठी

परमुलखात पलटण ठेवायची आणि बायकापोरं मात्र मायदेशी ठेवायची, असा बेत असेल तर नव्यानं डोकं चालवू नका. अमेरिकेनं दक्षिण कोरियात १९५३च्या युद्धबंदीपासून हे करून दाखवलं आहे. आजही तिथे सुमारे २८,५०० सैनिक आहेत.

आधी मुदत ठरवा. सड्या शिपायाला एक वर्ष पुरे. सुरुवातीचे आठवडे थंडी आणि रस्ते अंगवळणी पडण्यात जातील, मध्ये रजा येईल, शेवटचा महिना बांधाबांधीत सरेल. उरलेल्या दिवसांत उत्तर कोरियाला धाकात ठेवून घ्यावं. माणूस कामात मुरला की लगेच परत धाडावा, नाहीतर तो तिथलं काहीतरी शिकून बसेल. वर्षही जास्त वाटलं तर २०१५पासूनची रीत पाहा: अख्खी ब्रिगेड नऊ महिन्यांसाठी आणायची आणि अख्खीच परत न्यायची. (नऊ महिन्यांत जगात दुसरंही काही घडतं. ते घरी घडतं, आणि शिपाई ते मोबाइलवर पाहतो.)

दरवर्षी माणसं बदलली तर कोणती किल्ली कुठल्या कुलपाची, हे कोण सांगणार? यजमान सांगतील. १९५०पासून अमेरिकी तुकड्यांत कोरियाचे सक्तभरतीचे जवान असतात, त्यांना ‘कटूसा’ म्हणतात. हल्ली त्यांची सेवा दीड वर्षाची. म्हणजे नाइलाजानं आलेला कोरियन पोरगा वर्षभरासाठी आलेल्या पगारी अमेरिकन सैनिकाहून जास्त टिकतो आणि पलटणीतला जुना जाणता ठरतो. ही व्यवस्था उत्तम आहे, फक्त तिच्याबद्दल फार विचार करू नये.

एखाद्या शिपायानं पदरमोड करून बायकोला आणलंच, तर ती कागदावर नाही असं समजून चालावं.

कुटुंबं आणू द्यावीत, असा मोह वरच्यांनाही होतो. २००८मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना झाला होता: तीन वर्षांची नेमणूक, बिऱ्हाडासकट. मग शाळा, दवाखाने, सदनिका यांचा हिशेब मांडला गेला, सिनेटर मंडळींनी भुवया उंचावल्या आणि काही वर्षांत योजना बासनात गेली. तरी सोलच्या दक्षिणेला प्योंगटेकजवळच्या कॅम्प हम्फ्रीजमध्ये शाळा आहेत, वॉटर पार्कही आहे. छावणी बांधण्याचा बहुतेक खर्च कोरियानं उचलला. तिथे राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांसाठी एक सूचना: देश सोडून पळण्याची रंगीत तालीम ठरावीक काळानं होते, आणि त्यात पोराबाळांनाही गॅस मास्क चढवून पाहावा लागतो. संरक्षणाची इतकी खात्री दुसरीकडे मिळणार नाही.

आता शेवटची पायरी. हजारो सडे पुरुष एका गावाच्या वेशीवर आणून ठेवले की संध्याकाळी काय होतं, हे तुमच्या नियमावलीत लिहू नका. ते यजमान सरकारवर सोपवा. कोरियन सरकारनं छावण्यांभोवतीच्या वेश्यावस्त्या चालू ठेवल्या, तिथल्या बायकांची नोंदणी केली, सैनिकांना रोग होऊ नये म्हणून बायकांच्याच तपासण्या लावल्या. आजारी ठरलेल्यांना कोंडून ठेवलं. सैनिकांना कोंडल्याचं ऐकिवात नाही. डॉलर आणता म्हणून अधिकारी या बायकांना देशभक्त म्हणत. घरी गेल्यावर शेजारी काय म्हणत, ते वेगळं. १९७१मध्ये अमेरिकेनं एक डिव्हिजन काढून घेतली तेव्हा उरलेल्यांनी तरी जाऊ नये म्हणून या वस्त्यांच्या साफसफाईची सरकारी मोहीमच निघाली. कुटुंबं न आणून वाचवलेल्या पैशाचा हिशेब करताना या बायकांनी मोजलेली किंमत कुठल्याच रकान्यात येत नाही. पद्धत स्वस्त दिसते ती त्यामुळे.

२०१४मध्ये या वस्त्यांतल्या १२२ बायकांनी दावा लावला. २०२२च्या सप्टेंबरात कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारला जबाबदार धरून भरपाई कायम केली. प्रतिवादी दक्षिण कोरियाचं सरकार होतं. पलटणीला त्या दाव्यात एक छदामही भरावा लागला नाही.